नवरंग, डावीकडे, खाली

माझ्या बोलण्याला आमच्या घरात भागाकार लावतात. मी पाच फुटी साप पाहिला म्हणालो की बायको मनातल्या मनात तीनने भागते, मुलगी पाचने. जावई नवा होता तेव्हा त्याने एकदा माझा आकडा जसाच्या तसा धरून चारचौघांत सांगितला, ते हसू अजून विझलेलं नाही. माझी तक्रार नाही. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. तिथे माणूस नळावर पाणी भरायला गेला तरी परत येताना वाघाशी दोन हात करून आलेला असायचा. थाप हा आमच्याकडे दुर्गुण नव्हता, पाहुणचार होता. दारात आलेल्याला कोरडं खरं कसं वाढायचं?

पण एका जागी मी आयुष्यात कधी थाप मारली नाही, आणि हे वाक्य न भागता घ्यावं. ती जागा म्हणजे इंजिनाची कॅब.

इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल आला की असिस्टंटने तो बघून मोठ्याने बोलायचा आणि ड्रायव्हरने स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच परत बोलायचा. ऐकून नाही, बघून. दोघांचे शब्द जुळले तर गाडी पुढे. एकाला जरी दिसला नाही तर त्याने सरळ 'दिसत नाही' म्हणायचं, आणि त्यात काडीची लाज नाही.

मी असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा ज्यांच्या हाताखाली पडलो ते उस्ताद. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, आमच्याच जळगावकडचे, भरतीच्या वाऱ्याने माझ्या आधी राजस्थानात येऊन पडलेले. कागदोपत्री सिग्नल हिंदी-इंग्रजीत बोलायचा असतो, पण कॅबमध्ये दोघंही मराठी असले तर ऐकतंय कोण? स्टेशनात शिरण्याआधीचा होम सिग्नल आला की मी म्हणायचो, होम, हिरवा. ते म्हणायचे, होम, हिरवा. दिवसच्या दिवस तेवढंच मराठी कानावर पडायचं, पण खणखणीत.

एकदा फुलेरा जंक्शनच्या अलीकडे धुळीची अशी आंधी आली की इंजिनाला स्वतःचं नाक दिसेना, आणि मी हात बाहेर काढला तर तो कोपरापर्यंतच परत आला. (इथे दोनने भागा.) मी म्हणालो, दिसत नाही. उस्तादांनी बाहेर पाहिलं, म्हणाले, मलाही दिसत नाही, आणि एवढी मोठी मालगाडी माळरानात उभी केली. वरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. मग डबा उघडून, अर्धी पोळी माझ्या हातात देत म्हणाले, "न दिसलेला सिग्नल दिसला म्हणणारा माणूस इंजिनात नको आणि घरातही नको."

त्यानंतर मी पुढे स्वतः ड्रायव्हर झालो, रिटायर झालो, पण इंजिनात एकही सिग्नल वाढवून, सजवून, मीठमसाला लावून बोललो नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढीच एक खोली मी स्वच्छ ठेवली होती.

निवृत्तीनंतर आम्ही दोघंही राजस्थानातच, मुरलीपुऱ्यात घरं बांधून राहिलो, मधे चार गल्ल्या. जन्मभर सिग्नल बघितलेल्या डोळ्यांना काहीतरी काम हवं म्हणून उस्तादांनी पक्षी धरले, आणि त्यांनी धरले म्हणून मीही. नियम कॅबचाच. मी बोलायचं, त्यांनी बघून परत बोलायचं, मग वहीत लिहायचं. त्या वहीत माझ्या कलेला वाव नव्हता. गरुडाने आख्खी बकरी उचलून नेली असं मी म्हणालो तर ते पेनाचं टोपण लावून म्हणायचे, मला दिसली नाही.

माझी कला मी दुसरीकडे खर्च करायचो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत लोक माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसतात. गेली दोनेक वर्षं माझा सगळ्यात खपणारा माल म्हणजे उस्ताद. गणपतीत त्यांनी मांडवाच्या खांबाला खांदा मारला. मी सांगितलं की त्यांनी खांबाला 'या, बसा' म्हणून चहाही विचारला. एकदा त्यांनी कपाच्या बाजूला चहा ओतला. मी तो बशीतून टेबलावर, टेबलावरून एका निवृत्त विमा अधिकाऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर आणि तिथून थेट जमिनीपर्यंत वाहता केला. त्यांची गाडी घराच्या फाटकाला घासली, तर मी म्हणालो फाटकच त्यांच्या स्वागताला पुढे आलं होतं. नक्कलही करायचो, हात पुढे चाचपत, मान ताठ. लोक पोट धरून हसायचे. उस्ताद सगळ्यात मोठ्याने हसायचे.

तर आषाढ लागला होता. मी चौमूच्या मंडीत लोणच्याच्या कैऱ्या आणायला गेलो, कैऱ्या घेतल्या आणि घरी आलो. एवढंच घडलं. पण नुसत्या कैऱ्यांवर माझं कसं भागणार? संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर बोलून टाकलं की सामोदच्या पुढच्या डोंगरात, हनुमानाच्या देवळामागच्या घळीत नवरंग पक्षी पाहिला. मग वाटलं एकच का, म्हणून तीन केले. मग वाटलं लांबून का, म्हणून त्यांतला एक माझ्या टोपीवर बसायला आला आणि विचार बदलून शेजारच्या दगडावर बसला.

दहा मिनिटांत उस्तादांचा फोन. एकच प्रश्न, कुठला दगड?

नवरंगाचं त्यांचं असं होतं. हा पक्षी उन्हाळ्याच्या शेवटी दक्षिणेकडून वर येतो, रात्री उडत, आणि कधीकधी थकून कुठेही पडतो. तरुणपणी एकदा फुलेऱ्याच्या यार्डात एक असाच पडलेला त्यांना सापडला. डब्याच्या झाकणात पाणी देऊन त्यांनी तो दिवसभर जपला, संध्याकाळी त्याने त्यांच्या तळहातावरच प्राण सोडला. तेव्हापासून त्यांना रानात मोकळा फिरणारा नवरंग एकदा बघायचा होता. वहीत शेकड्यांनी पक्षी होते, हा नव्हता. हे मला ठाऊक होतं. तरीही मी तीन उडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला त्यांच्या फाटकाशी पोचलो. उस्ताद आत बुटांची नाडी बांधत होते. वहिनी, म्हणजे उस्तादांच्या घरच्या, बाहेर आल्या, माझ्या हातात डबा दिला आणि हात सोडला नाही.

"भाऊजी, आज ह्यांना नीट दिसतं का एवढं बघून या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि आल्यावर मला खरं सांगा. गोष्ट नको."

मग जे सांगितलं ते असं. मुलगा-सून दोघं सकाळी लवकर नोकरीला निघतात, म्हणून नातीला शाळेत सोडायला रोज उस्ताद गाडी काढतात. नऊ वर्षांची पोर. वाटेत दोघं रेल्वे-रेल्वे खेळतात, ती हिरवा म्हणते, हे हिरवा म्हणतात. तिचं मराठी तसं अडखळतं, मतलब आणि भैया मधे मधे येतातच, पण हे दोन-चार शब्द मात्र एकदम स्वच्छ. ऐकायला गोड वाटतं, पण वहिनींचा जीव शाळा सुटेपर्यंत ठिकाणावर नसतो. डॉक्टरकडे चला म्हटलं की उस्ताद म्हणतात, रेल्वेने पस्तीस वर्षं तपासलेले डोळे आहेत. मुलगा वडिलांना बोलायला धजत नाही. वहिनींचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या शेजारी बसून सिग्नल बघितलेला माणूस मी. मी दिसत नाही म्हणालो तर त्या स्वतः गाडीची किल्ली काढून घेतील. मी दिसतं म्हणालो तर पुन्हा विषय काढणार नाहीत.

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, वहिनी, उस्तादांना दिल्लीहून आग्र्याचा ताजमहाल दिसतो. त्या हसल्या नाहीत.

उस्ताद स्टिअरिंगवर बसले, मी डावीकडे. चावी फिरवून ते म्हणाले, "बोल."

आणि मी बोलू लागलो. इतकं सुख झालं की विचारू नका. सीकर रोडवर पहाटेसुद्धा ट्रक, खाजगी बस, उंटगाडी, म्हशी आणि मोटारसायकलवर चार-चार माणसं यांचं संमेलन भरलेलं असतं. मी म्हणायचो, सिग्नल, लाल. ते म्हणायचे, लाल, आणि ब्रेक. मी म्हणायचो, ट्रॅक्टर, डावीकडून. ते म्हणायचे, ट्रॅक्टर, आणि किंचित उजवीकडे. मला वाटलं, काय हा माणूस, इतक्या वर्षांनी मला पुन्हा तरुण करतोय. मी अंगात आल्यासारखा दूधवाला, कुत्रं, खड्डा, सगळं बोललो. एकदा पाणी प्यायला थांबलो, म्हणजे माझं बोलणं थांबलं, तर गाडीही मंद झाली. त्यातही मला प्रेमच दिसलं.

चौमू मागे पडलं आणि दोन्हीकडे शेतं उघडली. दोन पावसांवर बाजरी बोटभर वर आली होती, भुईमुगाच्या ओळी मांडल्यासारख्या, मधे मधे खेजडीची झाडं. मोर तर इतके की कावळ्यांनी गाव सोडलं असावं. तारेवर नीलपंख बसला होता. मी बोललो, ते परत बोलले. पण ते मजेदारही वागत होते. पावशा ओरडायच्या आधीच जणू त्यांना कळायचा, तितर कुठल्या बांधामागे आहे ते मान न वळवता सांगायचे, टिटवी माझ्या आधी. मी मनात म्हटलं, वहिनी उगाच घाबरतात, हे म्हातारं तर ससाण्याचे डोळे घेऊन बसलंय. कान आणि डोळे यांतला फरक मला तेव्हा कळला नाही. आणि अजून एक. पेन खिशातून निघालंच नाही. घरी गेल्यावर लिहीन, म्हणाले.

सामोदच्या पुढे डोंगराच्या पोटात गाडी ठेवून आम्ही घळीत उतरलो. अरवलीचं जंगल वर्षातले नऊ महिने वाळक्या काटक्यांचा ढीग असतं, आणि पाऊस लागला की आठ दिवसांत असं हिरवं होतं की जुनी ओळख दाखवत नाही. धोक नावाची इथली झाडं नव्या पानांनी भरली होती, खाली सालभराचा पाचोळा ओला होऊन कुजका गोड वास येत होता, आणि हवा अशी दमट की शर्ट पाठीला चिकटून पाठीचाच झाला होता. देवळामागे एक कुंड, त्याच्या वर ती घळ. नवरंगाला लागतं ते सगळं तिथे होतं, सावली, ओल, पाचोळा. फक्त नवरंग नव्हता.

उस्तादांनी विचारलं, तुझ्या टोपीवर बसायला आला तो दगड कुठला? मी आजूबाजूला पाहिलं. दगडांना तोटा नव्हता. त्यातल्या त्यात प्रामाणिक चेहऱ्याचा एक निवडला. उस्ताद त्याच्यासमोर रुमाल अंथरून बसले. लूप लाइनला, बाजूच्या रुळावर, टाकलेल्या मालगाडीची सबुरी त्यांच्यात पहिल्यापासून आहे. एक तास गेला. दुसरा गेला. सातभाई येऊन भांडून गेले, कुंडावर बुलबुल आंघोळ करून गेला. उस्ताद त्या दगडाकडे तोंड करून बसलेले, दुर्बीण मांडीवर, डास चावतोय तरी हलत नाहीत. मी त्यांचा वाकलेला खांदा बघत होतो.

तेव्हाच सांगायचं होतं. उस्ताद, थाप होती, कैऱ्या आणायला आलो होतो. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, आम्ही डबा खाऊन परत आलो असतो. पण माझ्यासारख्या माणसाला थाप कबूल करणं म्हणजे भर बाजारात धोतर फेडणं. पुढे लोकांना मी सांगितलं की मी उस्तादांची परीक्षा घेत होतो, वहिनींना शब्द दिला होता ना. खोटं आहे ते. त्या क्षणी वहिनी माझ्या डोक्यात नव्हत्या, उस्तादही नव्हते. मला भूक लागली होती, आणि माझे तीन नवरंग खोटे पडू नयेत एवढंच हवं होतं. मनात म्हटलं, बोलून टाकू, ते दुर्बीण उचलेपर्यंत 'उडाला' म्हणू, झालं.

मी हात लांब केला आणि कॅबच्या आवाजात बोललो, "नवरंग, डावीकडे, खाली."

नेमकं त्याच वेळी झुडपातून एक नीलगाय बाहेर आली. मोठा नर, निळसर काळा, म्हशीएवढा. माझ्या बोटाच्या सरळ रेषेत, वीस पावलांवर, ओल्या पाचोळ्यावर आवाज न करता येऊन उभा राहिला आणि कान हलवत आमच्याकडे बघू लागला. वाचणाऱ्याने इथे भागू नये. मी पुष्कळ गोष्टी फुगवल्या आहेत, ही नीलगाय तेवढीच होती. मला हसू फुटणार होतं. वाटलं, आता उस्ताद म्हणणार, गाढवा, हा तुझा नवरंग?

उस्तादांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. माझ्या हाताचा अंदाज घेऊन डावीकडे फिरवली, थोडी खाली आणली. थांबले. गळा साफ केला.

"नवरंग," ते म्हणाले, "डावीकडे, खाली."

आणि ते थांबेनात. दुर्बीण तशीच धरून हळूहळू सांगू लागले. पोट पिवळट मातकट. शेपटीखाली लाल, कुंकवासारखा. डोळ्यावरून काळी पट्टी. पंखावर निळा ठिपका, चकाकतोय बघ. सगळं बरोबर. पुस्तकातूनसुद्धा इतकं बरोबर कोणी सांगणार नाही. हे सगळं त्यांनी एकदा तळहातावर घेऊन बघितलं होतं.

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला आदर वाटला. एका थापाड्याला दुसऱ्याचं कौतुक वाटतं तसा. वाटलं, वा उस्ताद, माझ्यावर ताण केलीत. मग मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दुर्बीण इतकी घट्ट दाबलेली की गालावर वळ उठला होता. ही गंमत नव्हती. हा माणूस आपल्याला दिसत नाही हे मला कळू नये म्हणून जिवाच्या कराराने धडपडत होता.

नीलगाय वळली आणि उतारावरून धावत गेली, दगड गडगडले. उस्ताद दचकले.

"मोर होता का रे?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "मोर."

मग त्यांनी पेन काढलं. वही उघडली, आणि आधीच्या ओळीच्या अंगावरच, अक्षरांवर अक्षरं चढवत, नवरंग असं लिहिलं.

डबा आम्ही कुंडाच्या पायरीवर उघडला. पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं ताजं लोणचं. त्याच कैऱ्यांचं, मीच वहिनींना पोचवल्या होत्या. उस्ताद खुशीत होते, जास्तच खुशीत, सारखे नवरंगाबद्दल बोलत होते. मी हातातली पोळी परत डब्यात ठेवली. कारण आता सगळं एका ओळीत येऊन उभं राहत होतं. मांडवाचा खांब. कपाबाहेर ओतलेला चहा. घासलेलं फाटक. प्रत्येक वेळी मी तिथेच, हाताच्या अंतरावर होतो. मीच सगळ्यांत आधी पाहिलं होतं, आणि मीच ते सजवून, रंगवून, नकलेसकट वाढलं होतं. दोन वर्षं तो माणूस माझ्या समोर आंधळा होत होता आणि मी त्याच्यावर टाळ्या घेत होतो. ते मोठ्याने का हसायचे तेही तेव्हाच कळलं. हसण्यावारी जात होतं तोवर कोणी डॉक्टरचं नाव काढत नव्हतं.

आणि सकाळचा रस्ता. सीकर रोडवरून ही गाडी त्यांनी चालवलीच नव्हती. माझ्या बोलण्यावर चालवली होती. मी पाणी प्यायलो तेव्हा ती मंद झाली होती. रोज सकाळी ती एका नऊ वर्षांच्या पोरीच्या बोलण्यावर चालत होती, आणि तिला वाटत होतं की आजोबा खेळतायत.

परत गाडीजवळ आलो. मी म्हणालो, किल्ली द्या उस्ताद, मी चालवतो. का, त्यांनी विचारलं. मी सवयीने सुरू केलं, माझा गाडीचा सराव मोडलाय, बायको म्हणते, जावयाची नवी गाडी यायचीय. उस्तादांनी चाचपून दार शोधलं आणि उघडलं. ती चाचपायची लकब मी मंडळात पन्नास वेळा करून दाखवली होती.

"तिथे नवरंग नव्हता," मी म्हणालो.

ते दार धरून उभे राहिले.

मी सगळं सांगितलं. आजही नव्हता, त्या दिवशीही नव्हता, मी कैऱ्या आणायला आलो होतो. मी खोटा सिग्नल दिला. बोलताना माझ्या लक्षात आलं की मला साधं खरं सांगायला शब्दच सापडत नाहीत, मी पहिलीतल्या मुलासारखा एकेक वाक्य लावत होतो.

ते म्हणाले, "मग तिथे होतं काय?"

"नीलगाय."

"कितीशी?"

"म्हशीएवढी. वीस पावलांवर."

"भागून?"

"न भागता."

वर धोकाच्या फांदीत कोतवाल काहीतरी बडबडत होता. उस्ताद त्याचं ऐकत असल्यासारखे उभे होते.

"तू मला खोटा सिग्नल दिलास," ते म्हणाले. रागाने नाही, नोंद करावी तसं. मग, "आणि मी उचलला."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली नाही. गाडीच्या टपावर ठेवली आणि पलीकडून जाऊन डाव्या सीटवर बसले. इंजिनात ड्रायव्हर डावीकडे बसतो. जन्मभर ते त्याच बाजूला बसले होते, फक्त आता पुढे धरायला काही नव्हतं. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले.

परतीच्या रस्त्यावर मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. चौमूच्या सिग्नलला सवयीने माझ्या तोंडून लाल निघालं. शेजारून काही आलं नाही.

मुरलीपुऱ्यात वहिनी फाटकाशीच होत्या. उस्ताद डाव्या दाराने उतरले आणि आत गेले. वहिनींना सांगायची गरज उरली नव्हती. पण त्यांनी खरं मागितलं होतं, म्हणून सांगितलं, नवरंगासकट, मोरासकट. वाटलं होतं, निदान आभार मानतील. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं त्यांच्या नकला करत होतात भाऊजी. तेव्हा तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी किल्ली घेतली आणि रिकामा डबाही घेतला.

काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजूंची नजर गेलीय, मधला थोडा तुकडा उरलाय आणि तोही अंधुक. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून जपायचं. दोन वर्षं आधी आला असतात तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. नात आता शाळेच्या व्हॅनने जाते. वहिनी सांगत होत्या, पहिल्या दिवशी तिने व्हॅनवाल्याला हिरवा म्हणून सांगितलं, आणि तो म्हणाला, हां बेटा, दिख रहा है.

मंडळात मी ही हकीकत एकदा सांगितली. परीक्षावाली. लोकांनी पाठ थोपटली, म्हणाले, युक्ती केलीत, मोठा अपघात टाळलात. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते सगळं घेतलं, घरी आलो, आणि रात्रभर पाठ भाजल्यासारखी वाटत होती. म्हणून ही दुसरी, लिहून.

उस्ताद दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज जाऊन त्यांच्या ओट्यावर बसायचो, ते आत रेडिओ लावायचे. मग एका सकाळी तेच बाहेर येऊन शेजारी बसले. वही नव्हती. समोरच्या विजेच्या तारेवर काहीतरी फडफडून बसलं. त्यांनी तिकडे तोंड केलं.

"दिसत नाही," ते म्हणाले, आंधीत म्हणाले होते तसंच, सरळ. "काय आहे?"

माझ्या जिभेवर शिक्रा आला होता. चोचीत पाल असलेला, आणि पाल अजून जिवंत.

"बघून सांग," ते म्हणाले.

मी उठलो, फाटकापर्यंत गेलो, उन्हाला हात आडवा धरून नीट पाहिलं.

"कबुतर," मी म्हणालो. "एकच."